‘छान’ म्हणायला बंदी

काल सकाळी दुकानाचं शटर वर ढकलताना पहिली शिंक आली. तिच्यामागे दुसरी. मग शेजारचा भांडेवाला शिंकला आणि समोरून जाणाऱ्या रिक्षातली एक म्हातारी. कुणी कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही. नंदुरबारात या दिवसांत शिंकेला अपशकुन मानायचं ठरवलं, तर माणसाला उंबरठा ओलांडता येणार नाही. मिरची आली, एवढाच तिचा अर्थ.

ओल्या लाल मिरचीच्या गाड्या बाजारात लागतात आणि गावाबाहेर पथाऱ्या पडायला लागतात. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं मोकळं रान. डोक्याला आणि तोंडाला फडकी गुंडाळून बायका ओळीनं बसतात, देठ खुडतात, खालची मिरची वर करतात. थंडी पडली की हवेत एक बारीक तिखट येऊन बसतं. चहाच्या कपात, उशीच्या अभ्र्यात, लग्नाच्या शालूच्या घडीत, सगळीकडे. परगावाहून बदलून आलेला साहेब पहिल्या हिवाळ्यात हमखास सर्दीची गोळी घेतो. औषधवाला हसतो, गोळी देतो आणि म्हणतो, ‘होळीपर्यंत राहील बरं का!’ डोळे तर सगळ्यांचेच वाहतात. कुणी रडत असलं तरी कळत नाही इथे, आणि हे मी गमतीनं म्हणत नाही.

कारण मिरचीची पहिली शिंक आली की मला एकच हिवाळा आठवतो, आमच्या बोरसे सरांचा.

आधी माझ्याबद्दल सांगतो. मी कापडाचा व्यापारी. बापजाद्यांचं दुकान आहे, आत पांढरी गादी आहे आणि त्या गादीवर बसून गेली कित्येक वर्षं मी लोकांना छान म्हणत आलोय. ‘ताई, हा रंग तुमच्यावर काय खुलतो!’ ‘काका, या कापडात तुम्ही दहा वर्षांनी तरुण दिसता.’ यातलं निम्मं खोटं असतं, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असतं आणि मलाही. तरी ते ऐकल्याशिवाय त्याचा हात पिशवीकडे जात नाही. अशा माणसाच्या दुकानात, त्याच गादीवर, दर रविवारी सकाळी ‘छान’ या शब्दाला बंदी असावी, यापेक्षा मोठी थट्टा ती कोणती!

ही बंदी बोरसे सरांनी घातली होती. सर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाले आणि त्यांना करमेना. मला फोटोचा नाद होता, मेहुण्यानं सुरतेहून कॅमेरा आणून दिला होता. रविवारी अर्धं शटर ओढून मी आपले तोरणमाळचे, तापीकाठचे फोटो बघत बसायचो. सर एकदा लेंग्याचं कापड घ्यायला आले, फोटो पाहिले आणि कापड विसरून दुपारपर्यंत बसले. मग ब्राह्मणपुरीचे भरतदादा यायला लागले. केळी-कापसाचे शेतकरी, घरी गुजरी बोलणारे, बाजारात अहिराणी. आणि विसरवाडीहून एस.टी.नं यायच्या सुनीता मॅडम. तिकडच्याच एका शाळेत शिक्षिका. घरी मावची, शाळेत मराठी, आणि आमच्यात बसून बसून अहिराणीही समजायला लागलेली. हमरस्त्यावरचा, ट्रकांच्या गर्दीतला विसरवाडी फाटा सोडून त्या सुटीच्या दिवशी आतल्या सागाच्या रानात जायच्या. इतकाच आमचा पसारा होता, चौघांचा.

सरांची पद्धत अशी. मोबाइलवर फोटो दाखवायचा नाही. कागदावर छापून आणायचा आणि गादीवर पालथा ठेवायचा. पाळी आली की उलटायचा. मग ज्याचा फोटो असेल त्यानं तोंड शिवून बसायचं. आपण कुठे उभे होतो, किती पहाटे उठलो, थंडी केवढी होती, काट्यात पाय कसा गेला, यातलं एक अक्षर बोलायचं नाही. इतरांनी आधी सांगायचं, काय दिसलं. मग सांगायचं, काय खटकलं. आणि शेवटी, पुढच्या वेळी काय करता येईल. हे तिसरं सांगता येत नसेल तर दुसरं सांगायचा अधिकार नाही, असं सर म्हणायचे. आणि ज्याच्या तोंडून ‘छान’ निघेल त्यानं सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे. पहिले कित्येक महिने कप मीच विसळले. सवय! फोटो उलटला की जीभ आपोआप वळायची.

तोंड शिवून बसणं फार कठीण असतं. तुम्ही पहाटेच्या धुक्यात केळीच्या बागेत बसता, पाय सुन्न होतात, पानावरून दवाचा थेंब ओघळतो तो क्षण बरोबर पकडता, आणि रविवारी समोरचा माणूस म्हणतो, ‘हे पानावर काय पडलंय, खताचा डाग का?’ आधी त्याचाच राग येतो. पण हळूहळू कळायला लागतं की त्याला थंडी दिसत नाही. त्याला तुमचे सुन्न पाय दिसत नाहीत. त्याला कागद दिसतो. जे कागदावर उतरलं नाही ते तुमच्यापाशीच राहिलं आणि त्याचा दोष त्याला देता येत नाही. मला ही गोष्ट गादीवर बसून चाळिशीनंतर समजली. बायकोला ती लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत समजावता आली असती तर बरं झालं असतं.

सर बोलायचे ते मात्र ऐकण्यासारखं असायचं. भरतदादांना सूर्याचं वेड. सूर्य उगवताना, मावळताना, केळीच्या मागे, बैलाच्या शिंगांमध्ये. आणि प्रत्येक फोटोत तो अगदी मधोमध. सर फोटो हातात धरून म्हणाले, “भरत, हऊ सूर्य बराबर मधमा काबर बसाडा तू? त्याले काय सभानं अध्यक्षपद देयेल शे?” भरतदादा स्वतःच इतके हसले की त्यांच्या हातातला चहा गादीवर सांडला. तो डाग अजून आहे. पण पुढच्या रविवारी सूर्य उजवीकडे सरकला होता आणि डावीकडे सगळी बाग मोकळी होऊन श्वास घेत होती.

मी पथारीचा फोटो आणला होता. घरच्या संगणकावर बसून लाल रंग असा काही चढवला होता की बघणाऱ्याला ठसका लागावा. सर बराच वेळ बघत राहिले. “तू मिरची नही काढी, लाल रंग काढा. दुकानम्हा बठेल माणूस तू, तुले सगळीकडे साडीच दिखस.” मग म्हणाले, मिरची वाळताना किती रंगांची असते ते उद्या उन्हात बसून बघ. मी गेलो, बसलो. खरंच, एका पथारीत निम्मीअर्धी मिरची तपकिरी असते, काही अजून ओली चमकत असते, काही पांढुरकी पडलेली, आणि मधे मधे हिरवे देठ. जन्म या गावात गेला आणि मला ती नुसती लाल दिसत होती.

आणि कोपरे. सरांचा जीव कोपऱ्यांत होता. फोटो हातात आला की ते आधी चारही कोपरे बघायचे. “मधलं तर कोणीबी देखस,” म्हणायचे. घर झाडणाऱ्या बाईचा हात बघायचा असेल तर कोपऱ्यात बघावं, तसा फोटो काढणाऱ्याचा डोळा कोपऱ्यात दिसतो, असं त्यांचं म्हणणं. सातपुड्याच्या रांगांवर धुकं उतरलेलं, सगळं कसं देखणं, आणि वरच्या कोपऱ्यात विजेची तार. सरांचं बोट थेट तिथे. मॅडमच्या एका फोटोत, सागाच्या रानात अगदी कडेला, गुटख्याच्या पुडीचं टोक होतं. तांदळाच्या दाण्याएवढं. ते सरांना सापडलं होतं, आणि मॅडमचा चेहरा त्या दिवशी उजळला होता. सुनीता मॅडमचं हेच वेगळं होतं. चूक दाखवली की त्यांना आनंद व्हायचा.

तर तो हिवाळा. त्या हिवाळ्यात सर मवाळ झाले.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. भरतदादांच्या एका फोटोवर सर म्हणाले, “चांगला उतरना.” एवढंच. माझ्या तापीच्या फोटोवर मान डोलावली. कोपऱ्यांबद्दल तर कुणालाच काही म्हणाले नाहीत. आम्ही खूश! माणूस वयानं निवतो, म्हटलं. कडक मास्तर नातवंडांपुढे विरघळतात तसे सर आमच्यापुढे विरघळले. शिवाय आपले फोटो सुधारले, असंही मनातल्या मनात धरून चाललो. कौतुक खरं मानायला माणसाला कारण लागत नाही.

त्याच दिवसांत आम्ही सगळे मिळून पथारीवर गेलो होतो. डिसेंबरचं कोवळं ऊन, लाल रानावरून उठणारी ती तिखट वाफ, सगळ्यांच्या नाकातोंडाला रुमाल. आमचा प्रत्येक दुसरा फोटो हललेला यायचा, कारण बटण दाबायच्या वेळीच शिंक. सर डोळे पुसत चालले होते आणि चालता चालता त्यांचा पाय सरळ मिरचीच्या ढिगात गेला. देठ खुडणारी बाई ओरडली, “ओ बाबा, डोया कोठे शेतस तुमना?”

“तुन्ही मिरचीम्हा, माय,” सर म्हणाले. ती हसली, आम्ही हसलो. सरांनी रुमालानं पुन्हा डोळे पुसले.

परत येताना एक रिक्षा बाजूनं आली, सर दचकले आणि त्यांनी रिक्षावाल्याच्या सात पिढ्या काढल्या. एका रविवारी गादीच्या कडेला ठेवलेला कप त्यांच्या हाताचा धक्का लागून उलटला. दुकानाच्या पायरीवर ठेच लागली. दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुठल्या ऋतूत कुणीतरी विचारलं असतं की सर, डोळ्यांचं काय? पण इथे मिरचीचे दिवस. कुणाचे डोळे लाल नसतात? कुणाला नीट दिसतं? आम्हीही रुमाल फिरवत होतो. हंगाम सरला की निवळेल, हे वाक्य इथे इतक्या गोष्टींना लावतात की ते खरं की खोटं हे बघायची वेळच येत नाही.

नाराज होत्या त्या फक्त सुनीता मॅडम. एकदा सर लवकर निघून गेल्यावर त्या माझ्याजवळ फणकाऱ्यानं म्हणाल्या, “दादा, मला छान ऐकायचं असतं तर मी फोटो शाळेतच दाखवले असते. पोरं सगळ्यालाच छान म्हणतात. मी एवढ्या लांबून येते, उभ्यानं येते, ती कशासाठी?”

“सरांचं वय झालं आता,” मी म्हणालो.

“वयानं माणूस खोटं बोलायला लागतो का?”

मी तर वय नसतानाही खोटं बोलत होतो.

पुढच्या रविवारी त्यांनी एकच फोटो आणला. पाळी आल्यावर उलटला. त्यांच्या भागातलं एक छोटं धरण. थंडीतलं निळसर पाणी, पलीकडे पानं झडायला लागलेला साग, पाण्यात त्याची थरथरती सावली. देखणा फोटो. आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात, दगडावर, एक चप्पल. प्लास्टिकची, भडक गुलाबी. भरतदादांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. लहान पोराला दिसली असती अशी ती चप्पल होती.

सरांनी फोटो उचलला, नाकाशी धरला, नेहमीसारखा बराच वेळ बघितला. म्हणाले, “पानी चांगलं उतरनं. सावली बी. आन कोपरा साफ शेतस.”

बाहेरून कुणाची तरी शिंक ऐकू आली. आता बोलायची पाळी आमची होती. मॅडमचा फोटो, म्हणजे त्यांनी तोंड शिवून बसायचं, हा सरांचाच नियम. चप्पल दिसली हे सांगायचं काम माझं किंवा भरतदादांचं होतं. भरतदादा गादीवरचा चहाचा डाग नखानं खरवडायला लागले. आणि माझ्या तोंडून निघालं, “छान.”

मॅडमनी ओठ घट्ट दाबून धरले होते. मग त्या म्हणाल्या, “सर, मी नियम मोडते. कोपऱ्यात माझी चप्पल आहे.”

“कोठे?”

“डावीकडं. खाली.”

सरांनी फोटो डोळ्यांसमोरून हळूहळू उजवीकडे सरकवत नेला. मग एका जागी हात थांबला. “कधी ठेवली?”

“फोटो काढताना. मुद्दाम.”

सर रागावतील असं मला वाटलं. ते रागावले नाहीत. त्यांनी माझ्याकडून मागच्या काही रविवारांचे फोटो मागून घेतले. मी खणातून काढून दिले. एकेक फोटो ते तसेच डोळ्यांसमोरून सरकवायला लागले, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. माझ्या तापीच्या फोटोत काठाला मोटारसायकलचा आरसा. भरतदादांच्या केळीच्या फोटोत त्यांचाच अंगठा. दुसऱ्यात विजेची तार, तिसऱ्यात पाटी. एकेक सापडत गेलं तसा सरांचा चेहरा उतरत गेला. ‘हाई बी मी सोडं?’ असं ते पुटपुटले, आम्हाला उद्देशून नव्हे. मग फोटो नीट एकावर एक ठेवले, उठले आणि चौकटीला धरून पायऱ्या उतरले. चहा तसाच राहिला.

सुनीता मॅडम रडल्या. तेव्हा मिरचीचं कारण कुणी दिलं नाही. “मी सरांची परीक्षा घेतली,” एवढंच म्हणत राहिल्या. “मला वाटलं ते मन लावून बघत नाहीत. मला काय माहीत, त्यांना दिसतच नाही!” मी म्हटलं, तुम्ही बरोबर केलं. भरतदादा म्हणाले, बरोबर केलं. पण बसमध्ये बसून त्या एकट्याच परत गेल्या आणि पुढच्या रविवारी आल्या नाहीत. सरही आले नाहीत. अर्धं शटर ओढून मी आणि भरतदादा समोरासमोर बसलो, एकमेकांचे फोटो पालथे ठेवून. उलटायचा उत्साह दोघांनाही नव्हता.

मग एका दुपारी सरांच्या पत्नी, मालतीकाकू, दुकानात आल्या. अस्तराचं कापड दाखवा म्हणाल्या. मी चार ताके उलगडले, त्यांनी एकालाही हात लावला नाही. “डॉक्टरकडे जायेत नहीत,” त्या एकदम म्हणाल्या. “म्हणतस, मिरचीनी हवा शे, हंगाम सरना की डोया साफ व्हतीन. मी रोज देखस ना. जिना उतरतांना पाय चाचपडतस. ताटम्हानी चटणी दिखत नही, म्हणतस वाढीच नही.” आणि मग खाली बघत, “त्यास्ले भ्याव वाटस. काई सापडनं तर रविवार बंद व्हई, म्हणतस.”

मला तेव्हा समजलं की सर आम्हाला घाबरत होते. म्हणजे आमच्या गादीला. ज्या जागेवर उभ्या आयुष्याचा डोळा घेऊन ते बसायचे, ती जागा जाईल याला. आम्हाला वाटायचं, रविवारची गरज आम्हाला आहे, सर आपले उपकार करायला येतात. काकू ताके तसेच टाकून निघून गेल्या आणि मी ते घडी करायचं विसरून बसून राहिलो. फार वाईट वाटलं. भरतदादांना फोन केला.

भरतदादा बोलण्यापेक्षा करण्यातले. दुसऱ्याच दिवशी ब्राह्मणपुरीहून गाडी घेऊन आले, मला उचललं आणि सरांच्या दारात उभे. सर ओट्यावर उन्हात बसले होते.

“सर, चाला. गाडी उभी शे.”

“कोठे?”

“डोया दखाडाले.”

“मन्हा डोयास्ले काय व्हयनं?”

“तेच विचाराले जाई ऱ्हायनूत.”

सर माझ्याकडे बघून म्हणाले, “तुले काय वाटस?” माझी जीभ वळली होती. काही नाही सर, वयाप्रमाणे होतंच, असं गुळगुळीत काहीतरी तयार होतं, दुकानात रोज लागणारं. पण मी म्हणालो, “सर, तुमले कोपरा दिखत नहीत.” सर ओट्यावरून उठले. मग आत बघून त्यांनी काकूंना चपला मागितल्या.

काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मला असं कळलं की हा आजार कडेकडेनं खात येतो आणि माणसाला पत्ता लागू देत नाही. कडा काळ्या दिसत असत्या तर कुणीही ओरडला असता. पण तिथे काळं दिसत नाही, काहीच दिसत नाही, आणि जे दिसतच नाही ते सुटलंय हे कळणार कसं? गेलं ते परत येणार नव्हतं. मधली नजर शाबूत होती आणि रोज थेंब घातले तर ती टिकवता येईल अशी आशा होती. आणखी एखादा हंगाम मिरचीवर ढकलला असता तर मधलंही गेलं असतं, असं ते म्हणाले. परतीच्या वाटेवर भरतदादांनी गाडी थांबवून उसाचा रस घेतला. सर रसाचा पेला दोन्ही हातांनी धरून बसले होते.

हे सगळं आज आठवतं आणि हातातल्या मोबाइलकडे बघून हसू येतं. आता तिथे फोटोवाल्यांचे भले मोठे ग्रुप आहेत. कुणी सूर्यास्त टाकला की खाली अंगठ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग. अप्रतिम, लाजवाब, एक नंबर. मीही टाकतो, नाही असं नाही. कुणाचं मन कशाला दुखवा? पण कधी कधी एखादा नवखा मुद्दाम वेगळा निरोप पाठवून विचारतो, काका, खरं सांगा ना. तेव्हा मी दुकानातलं काम बाजूला ठेवतो. खरं सांगण्याला वेळ लागतो. आधी त्याच्या फोटोत जाऊन उभं राहावं लागतं, त्यानं काय बघितलं असेल ते शोधावं लागतं, मग बोलायचं. ‘छान’ला एवढं काही लागत नाही. आमच्या गादीवर एक चप्पल दाखवायला एका बाईला स्वतःशी किती झगडावं लागलं, ते मी पाहिलंय. ती बाई नियम पाळून गप्प बसली असती तर?

डॉक्टरांकडे जाऊन आल्यानंतरच्या रविवारी सर येतील याची मला खात्री नव्हती. मॅडम येतील याची तर मुळीच नव्हती. पण मी शटर अर्धं वर केलं तेव्हा सर आधीच पायरीवर उभे होते, काठी घेऊन, काकूंना रिक्षातूनच परत पाठवून. “सुनीताले फोन करेल शे मी,” म्हणाले. “म्हणनू, फोटो आनसू, यावंच लागी.” सरांनी आजवर स्वतः काढलेला फोटो कधीच आणला नव्हता. भरतदादा आले. अंगण ओलांडायला कचरावं तशा सुनीता मॅडम आल्या आणि दाराजवळ, गादीच्या अगदी डाव्या टोकाला बसल्या. सरांच्या पाया पडावं की माफी मागावी, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. सरांनी काही वेळच दिला नाही. पिशवीतून एक कागद काढला आणि गादीवर पालथा ठेवला.

मग उलटला.

फोटो नव्हता तो. डॉक्टरांच्या यंत्रानं काढलेला त्यांच्या नजरेचा नकाशा होता, एका डोळ्याचा. मधे वाटीएवढं पांढरं, त्याच्याभोवती करडं, आणि कडेला जाईल तसं काळं काळं होत गेलेलं. सर मांडी घालून, तोंड शिवून बसले. फोटो ज्याचा, त्यानं बोलायचं नाही.

आम्हाला काय करायचं ते ठाऊक होतं. करवत मात्र नव्हतं. शेवटी मीच सुरुवात केली. काय दिसलं. “मधमा उजेड शे, सर. चांगला दाट उजेड शे.” मला छान म्हणायचं नव्हतं आणि यात छान काही नव्हतंही.

काय खटकलं, हे भरतदादांनी सांगितलं. त्यांनी बोट कागदाच्या कडेकडेनं फिरवलं. “कडा गयात, सर. उजवीकडे थोडं उरेल शे. डावीकडला कोपरा पुरा काया शे.”

सरांनी मान हलवली. बरोबर, अशी. मग ते थांबले. तिसरं राहिलं होतं. पुढच्या वेळी काय करता येईल. ते सांगता येत नसेल तर दुसरं सांगायचा अधिकार नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. मी भरतदादांकडे बघितलं. त्यांनी डोळे रुमालात घातले होते.

“मान वळवायची, सर,” डाव्या टोकाकडून सुनीता मॅडम म्हणाल्या. आवाज वर्गात पोरांना समजावताना असावा तसा, शांत. “डोंगर एका फोटोत मावत नाही, तेव्हा आपण काय करतो? जागा सोडत नाही. कॅमेरा वळवतो. हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तसं करायचं. रस्ता ओलांडताना, ताटावर बसताना, फोटो बघताना. वेळ लागेल. आम्ही थांबू.”

सरांनी मान वळवायला सुरुवात केली. उजवीकडून. आधी भरतदादांवर नजर ठरली, त्यांचा रुमाल बघून सर किंचित हसले. मग माझ्यावर, मग कापडाच्या ताक्यांवर. मग मान आणखी डावीकडे गेली, गादीच्या कडेपर्यंत, दारातून उन्हाची तिरीप येत होती तिथपर्यंत, आणि थांबली.

“सुनीता,” सर म्हणाले, “आते तू दिखनी.”